मोई मेली नव्हती

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची भिंत बोरिवली पूर्वेला आमच्या गल्लीला लागून जाते. भिंतीच्या आत वनखात्याचे कायदे, बाहेर महापालिकेचे. बाहेरच्या झाडांना 1975 चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा आणि जतनाचा कायदा लागू होतो. झाड तोडायचं, हलवायचं की जागेवर ठेवायचं, हे वृक्ष अधिकारी आणि वृक्ष प्राधिकरण ठरवतात. गल्लीत भिंतीकडच्या अंगाला एक मोठा उंबर, दोन मोई, एक असाणा, एक काटेसावर आणि पुढे गुलमोहर-सोनमोहरांची रांग होती. उंबराच्या फांद्या भिंतीवरून पलीकडे सागांत शिरल्या आहेत. रात्री उदमांजर त्याच फांद्यांवरून येतं, उंबरं खातं आणि आल्या वाटेने आत जातं.

2025 च्या फेब्रुवारीत या सगळ्या झाडांना नोटिसा चिकटवलेल्या दिसल्या. कोपऱ्यावरची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली होती. नव्या टॉवरच्या गाड्यांसाठी फाटक गल्लीकडून काढायचं होतं आणि झाडं आड येत होती. नोटिशीत अर्जदाराचं नाव, झाडांचे क्रमांक आणि सात दिवसांत लेखी हरकत नोंदवावी एवढाच मजकूर. पुढचे काही महिने मी या हरकतीच्या मागे होते. हे काम कसं चालतं, कुठे अडतं आणि कशाने पुढे सरकतं, ते भिंतीलगत राहणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आधी त्या इमारतीबद्दल, कारण तिथली माणसं माझी आहेत. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई तिथे चाळीसेक वर्षं राहत होती. मी त्यांना मावशी म्हणते. नोटीस लागल्याच्या संध्याकाळी त्या रस्त्यात भेटल्या. भाड्याच्या घरातून खास इमारतीची जागा बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, "तुला झाडं दिसतात गं, पण आम्ही पावसाळाभर घरात बादल्या मांडून झोपायचो ते कुणाला दिसलं नाही." त्यांचं खरंच होतं. मी म्हटलं, "मावशी, इमारत व्हायलाच हवी. माझी हरकत फाटकाच्या जागेला आहे." फाटक बारा-पंधरा मीटर पुढे सरकवलं, तर ते सोनमोहरांच्या रांगेत येत होतं आणि उंबर, मोई, असाणा वाचत होते. हरकतीच्या पहिल्या परिच्छेदात मी हेच लिहिलं: पुनर्विकासाला विरोध नाही, फाटकाला पर्यायी जागा आहे, सोबत नकाशा जोडला आहे. घरासाठी ताटकळलेल्या माणसांना झाडांच्या विरुद्ध उभं केलं की दोघांचंही नुकसान होतं. उपनगरात हे फार वेळा पाहिलं आहे.

झाडांची नावं मला गल्लीत कळली नव्हती, ती उद्यानात कळली. बरीच वर्षं मी बोरिवलीच्या मुख्य प्रवेशद्वारातून आत जाऊन गांधी टेकडीपर्यंत फिरून येत असे. हवा छान, रस्ता सपाट, ओळखीची मंडळी भेटायची. नंतर निसर्ग माहिती केंद्राकडून निघणाऱ्या पदभ्रमणांना जायला लागले. ही वाटाड्यांसोबतची फिरणी असतात. शिलोंद्याच्या वाटेवर एकट्यादुकट्याने जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तिथे ओढा आहे, दगडांखाली खेकडे आहेत, पावसाळ्यानंतर वाटेवर आडव्या विणलेल्या कोळ्यांच्या जाळ्या असतात. आमच्या गटाला नेणारा मुलगा उद्यानातल्याच पाड्यावरचा होता. तो झाडाचं नाव आधी सांगायचाच नाही. खोडाला हात लावायला लावायचा, खाली पडलेलं पान उचलायला लावायचा, मग विचारायचा, "आता पुढच्या वळणावर हेच झाड दाखवा." अशी ओळख झालेलं झाड विसरत नाही.

उन्हाळ्यातलं फिरणं त्याच्यामुळेच सुरू झालं. पावसाळ्यात कान्हेरीच्या बाजूने धबधबे बघायला सगळे येतात. कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी, कातळात खोदलेल्या पोढ्या आणि त्यांत पाणी आणणाऱ्या पन्हळी ही बघण्याजोगीच गोष्ट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर राहणाऱ्यांनी पावसाचं पाणी किती विचाराने साठवलं, ते भर पावसात तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पण जंगल समजून घ्यायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जावं. हे पानझडी जंगल आहे. पाणी वाचवायला झाडं पानं टाकतात. कहांडळ पांढऱ्याफटक खोडाने नुसतीच उभी असते. पळस आणि पांगारा बिनपानांचे फुलतात. कुसुंबाला तांबडी लुसलुशीत पालवी येते आणि लांबून तीच फुलं वाटतात. आणि मोई. मोईला तर जानेवारीपासून मेअखेरपर्यंत एक पान नसतं. राखाडी खोड, खपल्या सुटलेल्या, जाड बोटांसारख्या फांद्या. ज्याला माहीत नाही तो तिला वाळलेलंच झाड म्हणणार.

वॉर्डातल्या उद्यान विभागात जाऊन मी प्रस्तावाची यादी पाहिली, तेव्हा हे सगळं कामाला आलं. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि हरकतीला सात. म्हणून अर्ज टाकून वाट बघण्यात अर्थ नव्हता. फाईल बघू द्या अशी लेखी विनंती केली आणि त्यांनी ती दाखवली. यादी अर्जदाराच्या सल्लागाराने केलेली होती. रकाने असे: अनुक्रमांक, झाडाचं नाव, खोडाचा घेर, उंची, अंदाजे वय, स्थिती, प्रस्ताव. असाण्यासमोर नावाच्या जागी "जंगली काटेरी झाड". उंबराचं वय 35 वर्षं. आणि दोन्ही मोईंसमोर स्थितीच्या रकान्यात "मृत", प्रस्तावात "तोडणे", वयाचा रकाना रिकामा.

हा रकाना रिकामा असण्याला अर्थ आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावून ती सात वर्षं जगवावी लागतात. 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि त्याची तपासणी अधिक कडक होते. मेलेल्या झाडाला वय कोण लावणार? त्यातल्या एका मोईच्या वरच्या फांदीत तांबटाने केलेलं गोल भोक मला गल्लीतून दिसत असे.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मजकूर फिरायला लागला होता: झाडं म्हणजे प्राणवायू, झाडं वाचवा, सर्वांनी सह्या करा. सह्या झाल्याही. सेक्रेटरींनी दोन मुलांना घरोघर पाठवलं आणि दीडेकशे नावं जमवली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण सह्यांचा कागद अधिकाऱ्याच्या हातात गेल्यावर त्याने ठरवायचं काय? प्रत्येक झाडासमोर त्याला एक निर्णय लिहायचा असतो. म्हणून हरकत झाडागणिक लिहायची असं मी ठरवलं. झाडाचा यादीतला क्रमांक, खरं नाव, मोजलेला घेर, दोन फोटो, आणि त्या झाडाबद्दल मागणी काय ते एका वाक्यात.

घेर मोजण्याचीही रीत आहे. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण 1.37 मीटरवर, टेप खोडाला आडवी आणि घट्ट. उंबर मोजायला मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका सकाळी गेलो. उंबराचा बुंधा फाटलेला, मुळं वर आलेली, टेप सरळ राहीना. काकांनी शेवटी घरातून आणलेल्या सुतळीने माप घेतलं. मग तेच म्हणाले, "वय पाहिजे ना तुम्हाला? थांबा." घरी जाऊन 1973 चा एक फोटो घेऊन आले. चाळीतली मुलं ओळीत उभी, त्यांत काका स्वतः हाफ पँटमध्ये, आणि मागे हाच उंबर. तेव्हाही त्याचा बुंधा दोन मुलांच्या कवेत मावणार नाही इतका. 35 वर्षांच्या दाव्याला याहून चांगलं उत्तर मला लिहिता आलं नसतं. फोटोची रंगीत प्रत जोडली.

मोईसाठी मला पानं असतानाचा फोटो हवा होता, तारखेसकट. तो मिळाला कारवीमुळे. कारवी आठव्या वर्षी फुलते आणि मग मरते. आमच्या उद्यानात 2008, 2016 आणि 2024 ला फुलली. 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही काहीजण कारवी बघायला भल्या सकाळी निघालो होतो. वर उतारच्या उतार जांभळे झाले होते, मधमाश्यांचा आवाज वाटेवर सतत येत होता, आणि एरवी दम लागला म्हणून थांबणारी माणसं तिथे नुसती बघायला थांबत होती. त्या सकाळी निघताना गल्लीत गटाचा फोटो काढला होता. मागे दोन्ही मोई हिरव्यागार, पानांनी भरलेल्या. फोनमध्ये तारीख, वेळ, जागा सगळं होतं. सहा महिन्यांपूर्वी भरगच्च असलेलं झाड फेब्रुवारीत मृत कसं, एवढंच मी त्याखाली लिहिलं.

शिवाय तीन मुद्दे सगळ्या झाडांसाठी मिळून टाकले. पहिला, गल्ली पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते. केंद्र सरकारने 5 डिसेंबर 2016 ला उद्यानाभोवतीचं हे क्षेत्र अधिसूचित केलं. त्याची रुंदी कुठे अवघी 100 मीटर आहे, कुठे 4 किलोमीटर, आणि एकूण क्षेत्र साधारण 59 चौरस किलोमीटर. आरेतली मेट्रो कारशेडची जागा त्यातून वगळली गेली, याचं दुःख मला आजही आहे. पण जे क्षेत्र उरलं आहे त्याचा दाखला तरी प्रत्येक हरकतीत द्यायला हवा. दुसरा मुद्दा घरट्यांचा. तांबटाचं भोक कोणत्या फांदीत, ते फोटोवर बाण काढून दाखवलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची अंडी-घरटीही संरक्षित आहेत. तिसरा मुद्दा उंबराच्या फांद्यांचा. उद्यानातून भिंत ओलांडायला झाडावरच्या प्राण्यांना आमच्या गल्लीत तेवढीच वाट आहे. एका शेजारणीने गच्चीतून काढलेला उदमांजराचा फोटो अंधुक होता, तरी जोडला.

पोचपावती घेतल्याशिवाय कागद देऊ नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही बघून घ्या.

पाहणीच्या दिवशी उद्यान विभागाचे अधिकारी, त्यांचे सहकारी, अर्जदाराकडचे दोघे आणि आम्ही काही रहिवासी उंबराखाली जमलो. अधिकारी तरुण होते, शांत, कमी बोलणारे. सुतळीचं माप त्यांनी स्वतःच्या टेपने पुन्हा घेतलं आणि दोन बोटांच्या फरकाने तेच आलं. फोटो हातात घेऊन काकांकडे बघितलं, मग उंबराकडे. वहीत काहीतरी लिहिलं.

मग मोईकडे आलो. अर्जदाराकडचा सल्लागार म्हणाला, "सर, बघा ना, एक पान नाही. कधीही पडेल." अधिकाऱ्यांनी खिशातून छोटा चाकू काढला आणि खोडाची सुटलेली खपली बाजूला सारून नखाएवढ्या जागेत साल खरवडली. आतली साल लालसर, ओली, मधूनमधून पांढऱ्या रेषा. बोट लावलं तर चिकट. त्यांनी ते बोट सल्लागारापुढे धरलं. काही बोलले नाहीत. मी दुर्बीण दिली आणि म्हटलं, "सर, फांद्यांची टोकं बघा." टोकांवर पिवळट-हिरव्या बारीक फुलांचे तुरे लोंबत होते आणि त्यांभोवती माश्या घोंगावत होत्या. मोई फुलते ती अशीच, पानं नसताना. खालून, नुसत्या डोळ्यांनी, ती फुलं कुणालाच दिसली नसती.

तेवढ्यात पाड्यावरच्या एक आजी डोक्यावर फाट्यांची मोळी घेऊन वळणावरून येत होत्या. पावसाळ्यात त्या आमच्या नाक्यावर शेवळं, टाकळा, कुर्डू, भारंगी विकायला बसतात, म्हणून तोंडओळख. गर्दी बघून थांबल्या. सल्लागार अजूनही वाळलेल्या झाडाबद्दल बोलत होता. आजींनी मोळी तशीच सावरत सांगितलं, "मेला नाय तो. आगोट लागू दे, मग बघ त्याचा पाला." आणि गेल्या. अधिकारी हसले. पाहणीच्या अहवालात हे वाक्य येणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

असाण्याचं नाव त्यांनी जागेवरच दुरुस्त केलं. लहानपणी असाण्याच्या खोडाला जाड काटे असतात आणि पुढे ते कमी होत जातात, हे ते मला सांगत होते आणि मी ऐकत होते. त्या सकाळी आमच्या गल्लीत झाडांवर प्रेम करणारं माझ्याशिवाय अजून एक माणूस आहे हे कळलं, आणि त्याचा मला फार आधार वाटला.

त्यानंतर वाट बघणं. प्रस्ताव वर जातो, बैठकीची तारीख लागते, पुढे ढकलली जाते. दर आठवड्याला विचारणा करत राहिले, फोनवर नाही, लेखी. एक गोष्ट आवर्जून बघायला हवी: परवानगी दिल्यापासून 15 दिवस झाड तोडता येत नाही, अशी कायद्यात तरतूद आहे. हे दिवस कशासाठी असतात ते मुंबईला आरेत कळलं. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने 7 तारखेला थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. म्हणून मी हरकतीतच लिहून ठेवलं होतं की निर्णयाची प्रत हरकतदारांना त्याच दिवशी मिळावी.

या काळात मी उद्यानात जवळजवळ दर रविवारी गेले. हरकतीच्या कामाने माणूस कागदाकागदात अडकतो. झाडाचं नाव घेतलं तरी डोळ्यांसमोर रकाना येतो. तो रकाना पुसायला आत जावं लागतं. मार्चअखेरीस एका पहाटे वाटेवर बिबट्याचे ठसे दिसले, ओल्या मातीत, कडा अजून ताज्या. वाटाड्या म्हणाला, "ताई, रात्रीचाच आहे." 2015 च्या मोजणीत या जंगलात 35 बिबटे नोंदले गेले होते आणि 2024 च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत उद्यान व भोवतालच्या परिसरात 54. साधारण 104 चौरस किलोमीटरचं जंगल, चारही बाजूंनी माणसं, आणि आता खालून ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम, एकूण 11.8 किलोमीटर, त्यातले 10.25 बोगद्याचे. अशा ठिकाणी तो प्राणी राहतो आहे. त्याला भिंतीबाहेर कुत्री आणि उकिरडा मिळाला तर तो बाहेर येतो, हे उद्यानाची माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. आमच्या गल्लीतला उघडा कचरा बंद झाला तो याच महिन्यांत. सह्यांसाठी घरोघर फिरणाऱ्या मुलांनीच तो विषय काढला आणि सेक्रेटरींनी झाकणाचे डबे आणवले. हे कोणत्याच अर्जात नव्हतं. पण माझ्या लेखी त्याची किंमत उंबराएवढी आहे.

आणि पाणी. दहिसर नदी या उद्यानातून निघते. विहार आणि तुळशी हे तलाव उद्यानात आहेत, अनुक्रमे 1860 आणि 1879 पासून शहराला पाणी देत आले आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही दोन रात्री अंधारात काढल्या. उताराच्या पायथ्याशी झाडांखालची उघडी माती किती पाणी पिते, हे मी त्यानंतर कधीच विसरले नाही. बिल्डरने फाटकाच्या दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक दाखवले होते. खोडाभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी, ही मागणी मी त्यामुळेच घातली होती.

निर्णय मेमध्ये आला. उंबर, असाणा आणि दोन्ही मोई जागेवर ठेवायच्या. मोईंची स्थिती "जिवंत" अशी दुरुस्त. फाटक पुढे सरकवायचं. त्या जागेवरचे तीन सोनमोहर आणि एक गुलमोहर तोडायचे, काटेसावर दुसरीकडे नेऊन लावायची. खोडाभोवती माती मोकळी ठेवण्याची अट घातलेली.

गुलमोहरासाठी समोरच्या इमारतीतल्या काहीजणी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. उन्हाळ्यात भाजीची गाडी त्याच्या सावलीत थांबायची. त्यांचा राग मी समजू शकते. फाटक तिकडे सरकवा हे मीच सुचवलं होतं, आणि आजही तेच सुचवीन. भिंतीपलीकडच्या जंगलाचा भाग असलेली चार झाडं आणि रस्त्याकडेला लावलेली चार झाडं यांत निवड करायची वेळ आली, तर मी पहिली निवडणार. निवड करायची वेळच येऊ नये हे खरं. तोडीच्या दिवशी मी तिथे उभी होते. गुलमोहर फुलांत होता. करवत बंद झाल्यावर रस्ताभर लाल पाकळ्या आणि भुसा, आणि कुणालाच काही बोलवेना.

काटेसावरीचं सांगायला हवं. तिला न्यायच्या आधी सगळ्या फांद्या छाटल्या, मुळांभोवतीचा मातीचा गोळा गोणपाटाने बांधला, क्रेनने उचललं. पावसात तिला धुमारे फुटले तेव्हा मला खूप आनंद झाला होता. दिवाळीपर्यंत ते सुकले आणि वरून खाली खोड वाळत गेलं. मोठं झाड हलवून जगवणं किती अवघड असतं याची कल्पना होती, तरी ती जाईल असं मनाने धरलं नव्हतं. त्या झाडावर फेब्रुवारीत मैना, भोरड्या, शिंजीर, बुलबुल सगळे यायचे. पुनर्रोपण म्हणजे झाड वाचलं असं आता मी कुणालाही म्हणू देत नाही. हरकत लिहिणाऱ्याने पुनर्रोपणाच्या प्रत्येक झाडासाठी आधी विचारावं: कुठे नेणार, कोणत्या महिन्यात नेणार, मुळांचा गोळा केवढा, पाणी कोण घालणार. ही उत्तरं कागदावर आली नाहीत तर परवानगीलाच हरकत घ्यावी.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि दोन्ही मोईंना पालवी फुटली. फांद्यांच्या टोकाटोकाला कोवळ्या तांबूस-हिरव्या पानांचे झुपके आले, आणि त्याच सुमाराला पिकलेली बारीक लाल फळं खायला बुलबुलांची झुंबड उडाली. मी फोटो काढून तारखेसह उद्यान विभागाला पाठवला. फाईलमध्ये लावा, म्हणून.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली रोपं आमच्याच वॉर्डात एका मैदानाच्या कडेने आहेत: ताम्हण, करंज, कदंब, बहावा. स्थानिक जातीच लावाव्यात ही मागणी मान्य झाली. काही रोपं पहिल्या उन्हाळ्यातच गेली, ती बदलून मिळाली, पण त्यासाठी दोन पत्रं लिहावी लागली. सात वर्षं ही रोपं जगवण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे आणि ती आठवण करून देत राहण्याचं काम आमचं. मावशी त्यांच्या नव्या घरात जातील तेव्हा खिडकीतून त्यांना उंबर दिसणार आहे. मजला ठरला तेव्हा त्यांनी फोन करून सांगितलं.

या प्रकरणानंतर आम्ही काही शेजाऱ्यांनी भिंतीलगतच्या झाडांची नोंदवही सुरू केली आहे. प्रत्येक झाडाची वर्षातून दोनदा नोंद: एकदा फेब्रुवारीत, एकदा ऑगस्टमध्ये. नाव, छातीच्या उंचीवरचा घेर, दोन्ही ऋतूंतला फोटो, ढोली किंवा घरटं असल्यास त्याची जागा, आणि जुन्या रहिवाशांकडे त्या झाडाचा फोटो असेल तर त्याची प्रत. नोटीस लागल्यावर सात दिवसांत हे गोळा करणं फार दमवतं. आधीपासून हाताशी असेल तर हरकत एका संध्याकाळी लिहून होते. आमच्या बाजूची गल्ली पूर्ण झाली आहे. देवीपाड्याकडच्या गल्ल्यांची उन्हाळ्यातली नोंद झाली, पावसाळ्यातली बाकी आहे.